खिळ्यांचा दोष नव्हता

भाऊ गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी मुलांना त्रैराशिक शिकवत होतो. खडू खाली ठेवला आणि पहिला विचार काय आला, तर आता आमच्या गळक्या नळाला शिव्या कोण घालणार... तीन आठवडे झाले, त्या विचाराची अजून लाज वाटते.

भाऊ म्हणजे आमचे शेजारी गणपतराव. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बंगल्यांमधली नळाची, पत्र्याची कामे करत. हाताने चोख, जिभेने तिखट, आणि चूक नेहमी दुसऱ्याचीच असते असा ठाम समज. एका बंगल्याच्या छपरावर त्यांनी तांब्याचा पत्रा बसवला. तांब्याचे खिळे मऊ पडतील म्हणून सुदुंबऱ्याच्या सखाराम लोहाराकडून लोखंडी घडवून घेतले. इथला पाऊस काय सांगावा! तिसऱ्या वर्षी पत्रा फडफडू लागला. खिळे काडीएवढे उरले होते, काहींची तर डोकीच गायब. "लोहारानं कच्चं लोखंड वापरलंय," भाऊंनी मालकांसमोर सांगून टाकले. गोष्ट बंगल्याबंगल्यांतून फिरली आणि सखारामचे लोणावळ्यातले काम बंद झाले.

पुढे पाच-सहा वर्षांनी भाऊ एका टाकीची नळी बदलत होते. नळी लोखंडी, तोटी पितळी. तोटीला लागून नळी पार खाल्लेली, हातभर पुढे मात्र ठणठणीत. संध्याकाळी ते नळीचा तुकडा घेऊन माझ्या ओट्यावर आले. भाऊ आणि शंका!

"मास्तर, नळी एकच. मग लोखंड इथं कच्चं नि तिथं पक्कं कसं?"

मला काय कळणार? उत्तर त्यांनीच शोधले. आमच्या ओट्यावर चिनी मातीच्या तीन बरण्या मांडल्या. एकीत मिठाच्या पाण्यात नुसता खिळा, दुसरीत त्याच पाण्यात तांब्याच्या पत्र्यात ठोकलेला, तिसरीत तसाच ठोकलेला पण कोरडा. महिनाभर आम्हाला ओट्यावर पाय ठेवायची चोरी झाली. कोरडा खिळा होता तसाच राहिला. पाण्यातला नुसता खिळा थोडा गंजला. तांब्यातला मात्र खरवडला की पापुद्रे सुटत होते.

"ओल असली की तांबं लोखंडाला खातं, मास्तर. त्यात पत्रा केवढा, नि खिळे एवढेसे! तांब्याचेच घालायला हवे होते..." भाऊंचे डोळे भरून आले. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

रविवारी मला घेऊन ते सुदुंबऱ्याला गेले. भट्टीपाशी चार शेतकरी फाळ पाजवायला बसले होते. त्यांच्यादेखत भाऊ म्हणाले, "सखाराम, तुझे खिळे चांगले होते. चूक माझी होती."

सखारामने भाता सोडला. मग म्हणाला, "भाऊ, सा वरसं खिळा घडवला न्हाई मी. वाटलं, माजा हातच गेला."

नंतर भाऊ प्रत्येक बंगल्यावर जाऊन हीच कबुली देऊन आले. काही मालक हसले, काहींनी सखारामला पुन्हा काम दिले, काहींनी दिले नाही.

तेराव्याला सखाराम आला. आता थकलाय. भाऊंच्या खोलीत दाराआड भिंतीला एक खिळा आहे. त्या रविवारी त्याने आम्हाला थांबवून घेतले आणि सहा वर्षांनी पहिला घडवला, तो हा. भाऊ त्यावर टोपी अडकवत. वहिनींनी ती अजून काढलेली नाही. सखारामने टोपी अलगद उचलली, खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि टोपी होती तशी परत अडकवली.

"वैनी," तो म्हणाला, "भाऊ आलं नसतं, तर ह्यो घडला नसता."