बुडवून घ्या

"ओतून देणार नाय. बुडवून घ्या!" मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर अनसामावशीच्या दारात पाण्यासाठी थांबणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच ऐकावं लागे. ओट्यावर भलामोठा रांजण, त्यावर पालथा तांब्या. मी समोर राहायला आले तेव्हा तिला लांब दांड्याचं ओगराळं भेट दिलं होतं, लोकांचे हात पाण्याला लागू नयेत म्हणून. मावशीनं ते माझ्याच हातात परत ठेवलं. "वैजापूरकडं आमच्या गावात माझ्या आईनं विहिरीपाशी वंजळ धरून जल्म काढला. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाय तर नाय. माझ्या दारात कुणी वंजळ धरायची नाय."

ओगराळं घेऊन मी आपली घरी परतले, कपाळ!

तिचा मुलगा प्रशांत जर्मनीत नोकरीला. त्याचा फोन आला की मावशी स्पीकर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवायची. तिकडे म्हणे हॉटेलात साधं पाणीही विकत आणि स्टेशनवर संडासलाही पैसे. "अग्गं बाई! मुतायला बी पैसे?" मावशी हसून हसून बेजार. मग एकदम विचारायची, "पण पाणी देताना तू कोण, कुठला, असं इचारतेत का रे?"

"नाही गं आई."

"मग लई चांगला हाय तुझा मुलूख."

मागच्या उन्हाळ्यात प्रशांतनं तिला तिकडे नेलं. ती गेली आणि ओट्यावरचा रांजण हलला. त्या जागी नाणं टाकून पाणी घ्यायचं मशीन उभं राहिलं, वर मोठ्या अक्षरांत 'अनसूया शुद्ध जल'. प्रशांतला फोन केला तर म्हणाला, "आईचीच इच्छा आहे, ताई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी, इतकी वर्षं आम्हाला शहाणपण शिकवलंस आणि परदेशाचं वारं लागताच पाणी विकायला काढलंस? तिचे व्हिडिओ कॉल मी उचललेच नाहीत.

ती प्रशांतबरोबर परतली त्या दुपारी चांगलं सुनवायचं म्हणून मी दारातच उभी होते. रिक्षातून उतरताच तिनं रांजण शोधला. मग मशीन पाहिलं. पाटी मलाच वाचायला लावली. तिला कशाचाच पत्ता नव्हता!

"आई, स्वच्छ पाणी आहे," प्रशांत उत्साहानं म्हणाला. "जात नाही, पात नाही. नाणं टाकलं की कुणालाही मिळतं." त्यानं नाणं टाकलं. भांडं नव्हतं, म्हणून मावशीनं हात पुढे केले. तोटी उंचावर होती. पाणी वरून तिच्या ओंजळीत पडलं.

ती भिजल्या हातांनी तशीच उभी राहिली. "पश्या, माझ्याच दारात मला वंजळ धरायला लावली रे."

मुलाशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मशीन अजून आहे. ते कसं चाललंय, हे प्रशांत फोनवर मलाही कौतुकानं विचारतो, आणि मला त्याचा आजही भयंकर राग येतो. मावशी त्यातलं पाणी पीत नाही. दुपारी आमच्याकडे येते, माठापाशी तांब्या घेऊन थांबते. जन्मभर जिनं कुणाला विचारायला लावलं नाही, ती मला विचारते, "बुडवून घेऊ का गं?"