‘मोजां’च्या पुढे काय? एस्पेरांतो आणि बोडो घेऊन लातूर ते नांदेड

नांदेडच्या वाचक मंडळात भाषण द्यायला मी फोनवर हो म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर पस्तावले. विषय माझाच होता: एस्पेरांतो आणि बोडो. एक भाषा एका माणसाने बसून तयार केलेली, जगात सगळ्यांना सोपी जावी म्हणून. दुसरी आसामात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी. एस्पेरांतो मी लॉकडाऊनपासून शिकतेय. बोडो मात्र नुसती वाचलेली. ती देवनागरीत लिहितात, त्यामुळे आपल्याला वाचता येते, कळत काहीच नाही. कोणी म्हणालं, ‘मॅडम, जरा बोलून दाखवा,’ तर?

म्हणून मी मैनावला सोबत चल म्हटलं. ती आसामातल्या कोक्राझारकडची, बोडो तिची घरची भाषा; लातूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनेच त्यांना चालतं केलं. मराठी आपल्याकडचीच बोलते, थेट वॉर्डात शिकलेली.

सकाळची नांदेड गाडी लातूर स्टँडवरून घेतली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे एसटीच परवडते. मात्र जायचं असेल तर डाव्या बाजूला बसा, नाहीतर उन्हाने भाजून निघाल. मैनाव खिडकीशी बसली. सारखा फोन बघायची. मला वाटलं, आपण हिला आग्रह करून आणलं. आता हिला लोकांसमोर उभं करायचं, नमुना दाखवल्यासारखं. आपलं चुकलं.

अहमदपूरला गाडी थांबली. स्टँडबाहेर गरम सुशीला आणि चहा घेतला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा आपला नाश्ता, इकडे आलात तर चुकवू नका. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “बोडोत आईला काय म्हणतात गं?”

“कोणाची आई?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माझी असंल तर आइ. तुमची असंल तर नोमा. दुसऱ्या कोणाची असंल तर बिमा.”

मी खूश झाले. सांगितलं, एस्पेरांतोत आई म्हणजे ‘पात्रीनो’. ‘पात्रो’ म्हणजे बाप, त्याला बाईचं शेपूट जोडलं की झाली आई. सगळ्यांची एकच. मी हसले. ती हसली नाही. प्लेट तशीच ठेवून म्हणाली, “ताई, आज माझ्या आइचं ऑपरेशन हाय. गुवाहाटीला. पोटातली गाठ. भाऊ हाय सोबत.”

“अगं, मग बोलायचं ना! चल, परत जाऊ.”

“परत जाऊन काय करू? रूमवर एकटीच बसून राहीन. सुट्टी पुढल्या हप्त्यात मिळणार हाय. तुमच्यासंगं बरं हाय.”

लोह्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. रेंज यायची, जायची. रेंज आली की आम्ही दोघी फोनकडे बघायचो. पुढच्या सीटवरच्या मावशींनी वळून विचारलं, “पोरगी नेपाळची हाय का?”

“आसामची,” मैनाव म्हणाली. “आन् आता लातूरची बी.”

“लई लांब आलीस बाई. घरी कोण हाय?”

मैनाव पुन्हा फोनकडे बघू लागली. आईच्या ऑपरेशनचं मीच सांगितलं. मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला, तो आपलं गाव येईपर्यंत काढला नाही.

नांदेडला सभागृहात शिरताच मी मंडळाच्या सरांना सांगितलं, हिचा फोन चालू राहील आणि वाजला तर ही उचलेल. मग बोलायला उभी राहिले. एस्पेरांतोत तीन म्हणजे ‘त्री’, माणसं असोत की गाई. बोडोत माणसं ‘साथाम’, गाई ‘माथाम’. आपण बायकांना तिघी म्हणतो, गाईंना नाही, तसंच काहीसं. लोक ऐकत होते. माझं लक्ष दुसऱ्या रांगेत, मैनावच्या फोनकडे.

मी नकारावर आले. एस्पेरांतोत ‘ने’ क्रियापदाच्या आधी येतो, म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. बोडोत तो शेवटी येतो.

तेवढ्यात फोन वाजला.

मैनाव जागेवरच उभी राहिली आणि बोलू लागली, भराभर. पुस्तकातली बोडो अशी धावत नाही. मला काही पकडता येईना. ती भावाचे शब्द परत परत विचारत होती. एकदा तिच्या तोंडून ‘मोजां’ ऐकू आलं. मोजां म्हणजे चांगलं. पण पुढे ‘नङा’, म्हणजे ‘नाही’, आलं तर सगळं उलटं होणार. मी माईकसमोर उभी, आणि तिचं वाक्य काही संपेना.

फोन ठेवून ती मराठीत म्हणाली, “गाठ काढली. पण आइ अजून शुद्धीवर न्हाई.”

टाळ्या वाजवाव्यात की काय, कोणालाच समजेना. मी भाषण तिथेच संपवलं. कोणी तक्रार केली नाही.

गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो, तर तिने एक घास खाल्ला नाही. नर्स असल्यामुळे तिला जरा जास्तच माहीत होतं. “एवढा टाइम लागत नसतो, ताई,” एवढंच म्हणाली. मी खोटा धीर देत राहिले.

परतीच्या गाडीत, अहमदपूरच्या अलीकडे, व्हिडिओ कॉल आला. उशीवर एक सुकलेला चेहरा. ओठ हलले. “ओंखाम जाबाय?”

पुस्तक न उघडता मला कळलेलं ते पहिलं बोडो वाक्य. जेवलीस का? मैनाव “जाबाय, जाबाय” म्हणत खोटंच बोलली आणि रडली.

घरी आल्यावर मंडळाने भाषणाचा लेख मागितला. लिहायला बसले खरी, पण दोन्ही भाषा शेजारी मांडल्या की हात थांबतो. एस्पेरांतो मी सोडलेली नाही. तिच्यात चुकायची भीती नाही, नियम पाळला की झालं. बोडोत अजूनही शब्दाशब्दाला अडखळते. तरी मैनाव सुट्टीवर गेली तेव्हा धाडस करून तिच्या आईला आवाजी निरोप पाठवला: बरं वाटलं की आमच्या घरी या. उत्तर येईना, तशी माझी घालमेल वाढली. आपण काही वेडंवाकडं तर बोललो नाही?

संध्याकाळी मैनावचा निरोप आला. मागे कोणीतरी कण्हत कण्हत हसत होतं.

“ताई, घर म्हणजे ‘नॉ’, मासा म्हणजे ‘ना’. तुम्ही आइला ‘आमच्या माशात या’ म्हणालात. आता काही पाठवू नका, हसून तिचे टाके दुखायलेत.”