सातवीचा फोटो आणि रिबिनीला शिवलेल्या वेण्या

सातवीच्या ग्रुप फोटोची बातमी मोठ्या गुरुजींनी प्रार्थनेनंतर सांगितली, तेव्हा माझ्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस होते.

दिवाळीच्या आधी मला विषमज्वर झाला होता. नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून घरी आले ती नुसती हाडं घेऊन. घरी आल्यावर केस गळायला लागले. उशीवर, भाकरीत, मायच्या लुगड्यावर, जिथं पाहावं तिथं माझेच केस. शेवटी मायनं माझं डोकं भादरून घेतलं. तेव्हापासून मी रुमाल बांधून शाळेत जात होते. पोरं काही दिवस हसली, मग त्यांनाही सवय झाली.

"शुक्रवारी कळमनुरीहून फोटोवाला येणार," गुरुजी म्हणाले. "पोरांनी केस कापून यायचं. पोरींनी दोन वेण्या, लाल रिबिनी. टोप्या, रुमाल काही चालणार नाही."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलंही नव्हतं. पण सगळी रांग माझ्या रुमालाकडं बघतेय असं वाटून माझे कान तापले. सातवीनंतर आमच्या गावात शाळा नव्हती. कोणी बाळापूरला जाणार, कोणी घरी बसणार, म्हणून दरवर्षी जाणाऱ्या वर्गाचा फोटो काढायचे. ज्या फोटोची आम्ही चौथीपासून वाट पाहत होतो, त्यात मला बसायचं नव्हतं.

घरी येऊन मी मायला तसं सांगून टाकलं. तिनं फक्त "बरं" म्हटलं. संध्याकाळी बाबा शेतातून आले आणि त्यांनी ऐकलं. बाबा कधी आवाज चढवत नसत. पण ते हातपाय धुता धुता म्हणाले, "फोटोत बसायचंच." आणि पुन्हा एकदा म्हणाले, "बसायचंच." मला नवल वाटलं. गणितात नापास झाले तरी त्यांनी एवढा जोर लावला नव्हता.

त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. मी ओसरीवर पडले होते, माय-बाबांना वाटलं झोपले. आत बाबा जेवत होते.

"दवाखान्यात मला येकच गोष्ट खात होती," ते मायला म्हणाले. "पोरगी अशी पडलेली अन् घरात तिचा येक फोटो न्हाई."

 मायनं ताटात वरण वाढल्याचा आवाज आला.

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, बुद्धाची होती आणि तिसरा फोटो मोठ्या काकांचा होता. काका मी जन्मायच्या आधी वारले. त्यांचा एकट्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. म्हणून कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून त्यांना कापून, मोठं करून चौकटीत बसवलं होतं. नीट पाहिलं तर काकांच्या खांद्यावर चार बोटं दिसायची. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची. माणूस कापला गेला होता, बोटं राहिली होती.

ओसरीवर पडल्या पडल्या मला सगळं लख्ख दिसलं. मी अजून बरी झालेली नाही. डॉक्टरांनी बाबांना काहीतरी सांगितलंय. मला फोटोत बसवायचं ते पुढं कापून काढायला.

हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि "व्हय" म्हणाले तर? दिवसातून कितीदा तरी मी गळ्याला हात लावून ताप आहे का बघायची. भाकरीचा घास तोंडात फिरायचा. मायला वाटलं, पोरगी केसांपायी झुरतेय.

तिनं बाळापूरच्या बाजारातून गंगावन आणलं. बायका अंबाडा मोठा दिसावा म्हणून जो केसांचा झुबका लावतात, तो. पण गंगावन अडकवायला मुळात थोडे तरी केस लागतात. मायनं ते दोन भागांत वाटलं, दोन वेण्या घातल्या आणि एका रुंद लाल रिबिनीला दोन बाजूंना शिवून टाकल्या. रिबीन डोक्यावरून घेऊन मानेमागं आवळून बांधली की दोन कानांमागं दोन वेण्या लोंबायच्या. लांबून चांगलं दिसायचं. जवळून गंगावन तांबूस आणि माझे केस काळेभोर.

"फोटो काळा-पांढरा असतो," माय म्हणाली.

"आता रंगीत असतो, माय."

"मग लांबून काढा म्हणावं."

शुक्रवारी तिनं मला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. शर्टाला नीळ जास्त झाली होती, त्यामुळं पाठीवर आभाळासारखे डाग पडले होते. "पाठ कुठं येती फोटोत," म्हणून तिनं खळ देऊन तोच मला घातला. आजारानं स्कर्ट कमरेला राहत नव्हता, त्याला आतून पिन लावली. पावडर, काजळ, आणि गालावर तीट. शाळेच्या वळणावर ती तीट मी थुंकी लावून पुसायला गेले, तर गालभर काळं पसरलं. मग तेही पुसत बसले.

फोटोवाला वेळेवर आला नाही. आम्हाला उन्हात रांगेत उभं करून ठेवलं होतं. मुलांच्या कपाळावरून तेल ओघळत होतं. माझ्या रिबिनीखाली घाम सुटला आणि ती मागं सरकू लागली. मी मान ताठ धरून उभी राहिले. शेजारची मैत्रीण काही बोलली तर डोळेच फिरवायचे, मान नाही.

तो मोटारसायकलवर आला आणि त्यानं तीन पायांचा स्टँड उभा केला. मी मनात एक ठरवून आले होते. दोन मुलींच्या मधे अगदी चिकटून बसायचं. मधलं माणूस कापायला अवघड. पण त्यानं उंचीप्रमाणं सगळ्यांना हलवलं आणि मला पुढच्या ओळीत पार टोकाला बसवलं. माझ्या डावीकडं काहीच नव्हतं, फक्त मैदान. कात्री एकदा फिरवली की झालं.

"मला मधी बसवा ना," मी म्हटलं. आवाजच फुटला नाही.

"पोरींनो, वेण्या पुढं घ्या. छान दिसतात," फोटोवाला म्हणाला.

सगळ्यांनी एकदम वेण्या खांद्यावरून पुढं घेतल्या. मीही हळूच एक ओढली. गाठ सुटली आणि रिबीन दोन्ही वेण्यांसकट माझ्या मांडीवर पडली.

 मागच्या बाकावरून एक जण खिंकाळला आणि सगळा वर्ग सुटला. वर्गाच्या बाई ओरडल्या. मी उठले आणि शाळेमागच्या हापशाकडं गेले. पळाले नाही, पळाले असते तर स्कर्टची पिन निघाली असती.

तिथं बाबा आले. ते कुंपणापाशी सायकल लावून फोटो बघायला उभे होते, हे मला माहीत नव्हतं.

"येणी पडली व्हय? पडू दे. चल."

"मला न्हाई काढायचा फोटो."

"काहून?"

"तुमी मला कापून भिंतीला लावाल. काकासारखं."

 बाबांनी हापसा हाणायला सुरुवात केली. पाणी नुसतंच वाहत गेलं.

"कुणी सांगितलं तुला असं?"

"तुमीच मायला सांगत होते. मी ऐकलं."

त्यांनी दांडा सोडला आणि ते खाली उकिडवे बसले. "तवा मी लई भेलो होतो. तू खाटंवर पडली होतीस समोर. पण तुझं चांगलं असतानाचं तोंड मला आठवंना झालं. किती ध्यान केलं तरी आठवंना. म्हणून म्हणलं, फोटो पाह्यजे."

"मग मी मरणार न्हाई?"

"डॉक्टरनं कवाच सांगितलं, बरी झाली म्हणून. तुला न्हाई सांगितलं व्हय कुणी?"

मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, तिला माहीत असेल.

बाबांनी ओंजळीनं माझं तोंड धुतलं. पावडर, काजळ, सगळं गेलं. ओला हात डोक्यावरून फिरवला, खिशातला कंगवा काढला आणि माझा भांग पाडला, स्वतःचा पाडतात तसाच, एका बाजूनं. मग हाताला धरून मैदानावर नेलं आणि मोठ्या गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, आजारातून उठलेलं लेकरू हाय. असंच बसंल."

गुरुजींनी उन्हाकडं पाहिलं. "बसवा, बसवा. लवकर."

या वेळी माझा आवाज फुटला. "मला मधी बसायचंय," मी फोटोवाल्याला म्हटलं. तो कुरकुरला, पण दोघींना त्यानं सरकवलं.

फोटो आला तेव्हा माय बोट फिरवत मुलींच्या ओळीत मला शोधत राहिली. "अन् हे पोरगं कुणाचं बसलंय पोरींत?" तिनं विचारलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माय रुसली. तिला तो फोटो कधीच आवडला नाही. बाबांनी मात्र तो पेटीत कपड्यांच्या वर ठेवला. पेटी उघडली की आधी तो काढून बघायचे, मग कपडे.

जूनमध्ये मी बाळापूरच्या शाळेत आठवीला गेले. तोवर केस कानाखाली आले होते. पहिल्याच दिवशी त्या गावातली एक मुलगी माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मी दप्तर छातीशी धरून बसले.

"तुझ्या घरी कापू देतात व्हय असे केस?" तिनं शेवटी विचारलं. "माझी माय तर हात लावू देईना."

मी काही खुलासा केला नाही. तिला सरकून जागा करून दिली.