सासऱ्यांची भरवशाची ट्यूब

माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारे आणि ट्यूबवर डोळे फाडूनही न ठेवणारे असे एकच गृहस्थ अख्ख्या रायपुरात आहेत, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. दूधवाल्याने दुधाची शपथ घेतली तरी त्यांना पटते. पण मोटारीच्या चाकात घालायची नवीकोरी ट्यूब समोर आली, की त्यांचा चेहरा मुलगी पाहायला आलेल्या वरमाईसारखा होतो. मोटार त्यांच्या वडिलांची, काळी, स्पोकच्या चाकांची, बुढापाऱ्यातल्या आमच्या घराहूनही वयाने मोठी. तिच्यासाठी सासरे, म्हणजे आमचे बाबा, पन्नास वर्षं ट्यूब निवडताहेत, आणि मी या घरात आल्यापासून ते सहन करतेय.

परीक्षा तरी केवढी! आधी वास. मग सांधा बोटांनी चाचपायचा, हवा भरायचा व्हॉल्व्ह हलवून पाहायचा, आणि जिथे घडी पडलीय तिथलं रबर ताणून उन्हात धरायचं, कारण दगा नेहमी घडीतच लपतो असा त्यांचा सिद्धांत. एवढ्यातून पास झालेली ट्यूब हवा भरून आठ दिवस अंगणातल्या दोरीवर टांगली जाते, माझ्या धुतलेल्या साड्या गेल्या खड्ड्यात. रोज चहाच्या आधी माझ्या शिवणाच्या टेपने तिचा घेर मोजायचा. एकदा शेजारीण ब्लाउजचं माप द्यायला आली, तर बाबा म्हणतात, "दोन मिनिटं थांबा दीदी, आधी हिचं होऊ द्या." गुढियारीतला टायरवाला तर एकदा वैतागून त्यांना म्हणाला, "बाबूजी, ट्यूब लेनी है कि बहू पसंद करनी है?" बाबा शांतपणे म्हणाले, "बहू तो एक ही बार में पसंद कर ली थी." हे त्यांनीच मला घरी येऊन कौतुकाने सांगितलं. कपाळ माझं!

या वेडाला कारण आहे. सासूबाईंचं माहेर गुढियारीचं. लग्न लागलं, वरात याच मोटारीतून बुढापाऱ्याकडे निघाली, आणि घर हाकेच्या अंतरावर असताना तलावाच्या कोपऱ्यावर मागचं चाक बसलं. नवरदेव उतरले, शेला कमरेला गुंडाळला आणि ट्यूब काढायला बसले. नवरी शालू सावरत बँडवाल्यांच्या मागे चालत सासरी आली. नवरदेव अर्ध्या तासाने पोचले, ते काळ्या हातांनी. त्या दिवसापासून आईंनी गाडीत पाय ठेवला नाही. "भरवशाची ट्यूब आणाल तेव्हाच बसीन," एवढंच त्यांचं म्हणणं. कुठे कार्याला निघालो की पुढे आई रिक्षात आणि मागे बाबा रिकाम्या मोटारीत, ही आमच्या घराची कायमची वरात. आणि खरंच, आईंनी बरोबर ओळखलं होतं, कारण बाबांच्या पारखून घेतलेल्या ट्यूबा सहा महिने काही टिकत नसत.

यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली. गुढियारीत मामांकडे, म्हणजे आईंच्या माहेरी, जेवण ठरलं आणि बाबांनी सगळ्यांसमोर आईंना शब्द दिला, "माहेराहून तुले याच गाडीत आणतो. चाक बसलं तर गाडी विकून टाकीन." चार ट्यूबा पास झाल्या, चढल्या. आणि जेवणाला तीन दिवस उरले असताना मागचं डावं चाक सकाळी जमिनीला टेकलेलं! टायर खोलून बाबा ओट्यावर बसले. "मले नाही जमत, सूनबाई. विकून टाकू," म्हणाले. एरवी त्यांच्यावर करवादणारी मी, पण त्या दिवशी चहा करून त्यांच्या हातात दिला.

आई आत तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून बाहेर आल्या. "सरका," म्हणाल्या आणि खोललेल्या टायरच्या आत हात घातला. तांदळातला खडा शोधणारी बोटं ती, रबरावरून हळूहळू फिरली आणि एका जागी थांबली. "हे काय होय?"

आत कारखान्याचं कागदी लेबल होतं. माप त्याच्यावर छापलेलं असतं म्हणून नव्या टायरमधलं लेबल बाबा कधीच काढू देत नसत! त्याची सुकून कडक झालेली कड ट्यूबला दिवसरात्र घासत होती.

"पन्नास वर्षं पोरगीच पाहून राहिले तुम्ही," आई म्हणाल्या, "तिचं सासर टोचते काय, ते कधी पाहिलं?"

मग ओल्या फडक्याने घासून चारही टायरांतली लेबलं निघाली, आणि नव्या ट्यूबला आईंनी स्वतःच्या डब्यातली पावडर लावली.

जेवण आटोपून घरी परतताना आई गाडीत बसल्या. पुढे, बाबांच्या शेजारी, नथ घालून. आम्ही नवराबायको आणि लेक मागे. गाडी अशी चालली की काय सांगू! उरल्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून सलाम ठोकला. बाबा विनाकारण भोंगा वाजवत होते आणि मीही, लाज सोडून, खिडकीतून ओळखीच्यांना हात करत होते. जिंकलो होतो आम्ही.

तलावाचा कोपरा आला आणि आई म्हणाल्या, "थांबवा."

बाबांचा चेहरा उतरला. "बसलं काय?"

"चाक ठीक आहे. उतरा तुम्ही."

"काहून?"

"त्या दिवशी इथून मी एकटी गेली. बँडवाले होते संगं, तुम्ही नव्हते." आईंनी आपल्या बाजूचं दार उघडलं. "मले ट्यूबचा राग नव्हता हो कधी."

बाबांनी इंजिन बंद केलं. मग किल्ली, जी त्यांनी पोटच्या मुलाच्या हातात कधी दिली नव्हती, ती मागे माझ्या नवऱ्याकडे दिली, आणि दोघंही उतरली. लेक ओरडली, "दादाजी, गाड़ी?" त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

पुढे चालत ती दोघं आणि मागे गाडीत आम्ही, हळूहळू निघालो. आईंनी त्यांचा हात धरला होता. जेमतेम पाच मिनिटांचा रस्ता, त्याला किती वर्षं लागली, या विचाराने माझे डोळे भरून आले. गाडीची चारही चाकं टणक होती, आणि बाबांनी घर येईपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.