शैलाचा लॉकर आणि माझा सिनेमा

बायकोच्याच बँकेत, तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तिचाच लॉकर ड्रिलने फोडायला लावणारा वसईतला मी बहुधा एकटाच नवरा असेन.

दोष सिनेमांचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला बँका आणि शेअर बाजारावरच्या सिनेमांचं वेड लागलंय. काय ते सिनेमे! चाळिसाव्या मजल्यावर काचेचं ऑफिस, बाजार कोसळतोय, नायकाचा टाय सैल झालाय आणि नेमकी तेव्हाच बायको बॅग भरून निघते. मग त्याला कळतं, की सगळं कमावलं आणि हिच्याशी दोन शब्द बोलायचे राहून गेले. इथे मी हमखास रडतो. (उशी मांडीवर घेऊनच बसतो, पुसायला बरी पडते.) आमची शैला बत्तीस वर्षं माणिकपूरच्या एका सहकारी बँकेत. तिचं लक्ष भलतीकडेच. नायक खिडकीत उभा राहून झुरत असताना ही विचारते, "मग याचं काम कोण करतंय?"

एकदा अशीच उशी ओली करताना माझ्या लक्षात आलं, की ते दोन शब्द मीही कधी बोललेलो नाही. लग्नाला तीस वर्षं झाली. दोघांचे डबे भरून ही नऊला घराबाहेर, माझ्या आईचं दुखणं हिनेच काढलं, एव्हरशाईनचा फ्लॅट झाला तोही हिच्याच हिमतीवर. आणि मी काय म्हणालो? "आमटी छान झालीय." तेही दर वेळी नाही! माझी मलाच लाज वाटली. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. त्याआधी बोलायचंच, आणि बोलायचं तर सिनेमासारखं बोलायचं, असं ठरवलं.

शैला रजेवर असताना मी गुपचूप बँकेत गेलो आणि आमच्या दोघांच्या नावावरच्या लॉकरमध्ये चार पानी पत्र ठेवून आलो. शुक्रवारी मी जाणार, कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढणार, तिला लॉकर उघडायला लावणार, ती पत्र वाचणार. माझ्याकडे कोट एकच, लग्नातला. त्याची बटणं आणि काजं यांची गेल्या पंचवीस वर्षांत भेट नाही, पण खांद्यावर टाकायला काय हरकत? किल्ली त्याच्या खिशात ठेवून दिली.

सोमवारी कपाट उघडलं, तर कोट गायब. शैलाला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तो होय? बोहारणीला दिला. ही कढई बघा, चांगली जाड आहे."

स्कूटर काढली आणि बोहारणीच्या मागावर पार नायगावपर्यंत गेलो. सापडली. कोट तिने केव्हाच विकला होता. वर अंगातल्या शर्टावर मला एक वाटी देऊ केली.

आता किल्ली हरवल्याचं सांगणं भाग होतं. पत्राबद्दल मात्र मी तोंडातून ब्र काढला नाही. शुक्रवार होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी परोपरीने सुचवलं. शैला कसली ऐकते! तिच्या हातात चार्ज असताना झालेलं तिच्याच हातून निस्तरलं पाहिजे. शुक्रवारीच मेकॅनिक बोलावला. कर्मचाऱ्याचा लॉकर, उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून दोन साक्षीदार आणि आतल्या वस्तूंची यादी हवी, हेही तिनेच बजावलं. नोकरीचे चार तास उरले होते, पण बाई तसूभर ढिली पडली नाही. घाबरलेलो असूनही मला तिचा अभिमान वाटला.

साक्षीदार म्हणजे बँकेचा शिपाई आणि पासबुक भरायला आलेल्या एक काकू. ड्रिल घरघरलं, दार उघडलं. मॅनेजर परेरा, माझाच जुना विद्यार्थी, यादी लिहू लागला. पाटल्या दोन. चांदीचा गणपती एक. मग पाकीट निघालं आणि मी झडप घातली.

"ते माझं आहे!"

असं म्हटल्यावर कोण सोडतं? परेरा नम्रपणे म्हणाला, "सर, मग तर बघायलाच लागेल." आणि त्याने हेड ऑफिसचं पत्रक वाचावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली, "माझ्या लाडक्या शैले..."

परेरा लालबुंद झाला. काकू तेवढ्या म्हणाल्या, "पुढे?"

शैलाने पत्र काढून घेतलं आणि उभ्या उभ्या चारही पानं वाचली. मग चष्मा काढून पदराने पुसला. डोळे पुसायचे तर आधी चष्मा पुसत बसली! आता ही सिनेमातल्यासारखी धावत येणार म्हणून मी हातातली पिशवी खाली ठेवली. ती जागची हलली नाही.

परेरा घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, यादीत काय लिहू?"

"पत्र एक."

"आणि इतर तपशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. आवाज जरासा भरून आला होता, पण शिस्त तीच.

"लिहा, तीस वर्षं उशिरा मिळालं."

काकूंनी डोळे टिपत सही केली, शिपायाने केली. मग शैलाने कागद माझ्यापुढे सरकवला. मीही 'वरील तपशील बरोबर आहे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली मुकाट्याने सही ठोकली.