खाकी लिफाफ्याची भीती

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आणि माझ्या तोंडून न पडलेली गोष्ट म्हणजे — अहो, कोपरीत विचारा कुणालाही! खाडीत मी एकदा धरलेला मासा दर वर्षी हातभर वाढत वाढत आता पुलाएवढा झालाय. पण हे मात्र बायकोलाही ठाऊक नाही.

आधी ताईबद्दल सांगू द्या. हो, टाळतोय मी, कळतंय मला. पण ती कळल्याशिवाय मी काय केलं ते कसं कळणार?

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, कल्याणला असते. घाऊक बाजारात ती नुसती शिरली तरी कांद्याचे व्यापारी आपणहून भाव उतरवतात. तिनं हाक मारली की कसाऱ्याच्या घाटातली माकडं वळून बघतात. भाऊजी गेल्यावर पोळीभाजीचे डबे करून तिनं दोन मुली शिकवल्या, थाटात लग्नं लावली. राहते भाड्यानं. दर अकरा महिन्यांनी घर बदलताना ही बाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून त्याला संसार कसा करावा ते शिकवते. एकदा त्या ड्रायव्हरनं भाडंच घेतलं नाही. ही थाप नव्हे, खरंच!

अशी वाघीण — आणि घाबरते कशाला? खाकी लिफाफ्याला. भाऊजींच्या दुकानाला एकदा कराची नोटीस आली होती. त्या धसक्यानंच ते खंगले, असं ती मानते. त्या दिवशी ती जिन्यात बसून रडली. तिला रडताना पाहिलेला माणूस जगात एकच — मी.

मग बाबा गेले; आई आधीच गेली होती. मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे कोपरीचं घर निम्मं तिचं, निम्मं माझं. गिऱ्हाईक लगेच मिळालं. त्याच्या वकिलानं सांगितलं — एक तर विक्रीच्या करारावर दोघं सह्या करा, नाहीतर बहिणीनं आपला वाटा तुमच्या नावे सोडल्याचं हक्कसोडपत्र नोंदवून आणा. आणि कर? वारशानं घर मिळालं म्हणून कर लागतच नाही. विकल्यावर नफ्यावर लागतो, तोही ज्याचा त्याला, आपापल्या वाट्यापुरता. त्या पैशांत दुसरं घर घेतलं तर बराचसा वाचतोसुद्धा. वकिलानं चहा पिता पिता हे सगळं समजावलं होतं. म्हणजे — मला माहीत होतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं.

कल्याणला जाऊन ताईला काय सांगितलं मी? सांगितलं, करारावर तुझी सही झाली की तुझं नाव टॅक्सवाल्यांच्या डोळ्यावर येणार. भाऊजींची जुनी फाईल उघडणार. जावयांच्या दारात खाकी लिफाफे जाणार. मुलींच्या अंगावरचं सोनं, तुझे डबे, पोळपाटसुद्धा मोजून नेतील! काय रंगवलं म्हणून सांगू — इतकी झकास थाप मी जन्मात मारली नव्हती. ताईचं लाटणं हातात तसंच राहिलं.

"आणि तुला रे बाळ्या?" ती म्हणाली. "तुला नाही का त्रास होणार?"

ऐकलंत? तिला माझी काळजी पडली होती.

"मी घेईन बघून," मी म्हणालो.

तिनं करार बाजूला सारून हक्कसोडपत्रावर सही केली. त्या घराच्या पैशांत घोडबंदर रोडला माझा फ्लॅट झाला. ताईला मी पैठणी घेतली — हो, पैठणी! ती नेसून ती वास्तुशांतीला आली आणि येईल त्या पाहुण्याला धरून सांगत सुटली, "टॅक्सचं सगळं लफडं माझ्या भावानं स्वतःच्या अंगावर घेतलं हो!" मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

इथंच संपलं असतं, तर मी लोभी होतो एवढंच म्हणता आलं असतं. पण गेल्या वर्षी ताई तिच्या मैत्रिणीला घेऊन घरी आली. सुनंदाताई, डोंबिवलीच्या, नवऱ्यानं टाकलेल्या, शिवणकाम करून राहणाऱ्या. त्यांच्या भावांनी वडिलांच्या घरासाठी असाच कागद पुढे केला होता, आणि त्या सही करत नव्हत्या.

"ही माझं ऐकत नाही रे," ताई म्हणाली. "मला समजावलंस ना, तसंच समजाव हिला. हिचे भाऊ तुझ्याइतके हुशार नाहीत, त्यांना नीट सांगता येत नाही."

सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं — "सही करू नका." पण ते ऐकायला शेजारी ताई बसली होती. माझ्याकडे कौतुकानं बघत, शाळेतल्या बक्षीस समारंभाला बसायची तशी.

मी पुन्हा सगळं सांगितलं. फाईल, लिफाफे, सोनं. सुनंदाताईंकडे सोनं नव्हतं, म्हणून शिलाई मशीन घातलं. पहिल्यापेक्षा चांगलं सांगितलं.

आठवड्यानं ताईचा फोन आला. "झाली बाई तिची सही! सुटली बिचारी. तुझं फार नाव काढत होती."

मी म्हणालो, "बरं झालं."