मेलेला ड्राइव्ह आणि पेंढ्याचं रेडकू

अंगात येणं, करणी, उतारा – असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी भीक घातली नाही. आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं. मी तिच्या तोंडावर तांब्याभर गार पाणी मारलं, तेव्हापासून माझ्यासमोर तरी यायचं बंद झालं. तुमच्या सदरात लोक लिहितात, पांढऱ्या साडीतली बाई दिसली, मागून हाक आली... ते वाचून मला हसू येतं. तरी आज मीच लिहायला बसलेय. कारण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत झाली, भर दुपारी, तीन माणसांसमोर, आणि पाच वर्षं झाली तरी तिचा उलगडा नाही. मी चौथी शिकलेली. काना-मात्रा चुकला असेल तर सुधारून घ्या, गोष्ट मात्र बदलू नका.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं दोन खोल्यांचं घर. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, खाली त्याचा उभा डबा. दारामागं एक खुंटी. साल दोन हजार चार असावं. उन्हाळा होता हे नक्की, कारण डब्याचं झाकण काढून त्यावर टेबलफॅन सोडलेला असायचा.

माझा मुलगा महेश त्या खोलीत लग्नपत्रिका, हँडबिलं टाइप करून छापखान्यांना द्यायचा. लग्न झाल्यावर त्यानं बायकोलाही शिकवलं. तिचं नाव शैला. महेश गेला त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कसा गेला ते सांगत बसत नाही, या गोष्टीला त्याची गरज नाही. मूलबाळ नव्हतं. शैला सव्वीस वर्षांची. काम तिनं तसंच चालू ठेवलं.

तिचा भाऊ बसवराज चंदगडला असतो. तो एक स्थळ घेऊन आला – तिकडचाच एक मास्तर, पहिली बायको वारलेली. आमच्यात दुसरं लग्न लागतं, त्यात लपवाछपवी नाही. शैला त्याला माझ्यासमोरच म्हणाली, “अण्णा, एका शाळेच्या स्मरणिकेचं काम आलंय. चाळीस पानं. हे येळेत दिलं तर छापखाना मला बारा महिने काम देणार हाय. मग मी हितंच ऱ्हाणार. न्हाय जमलं, तर येते तुझ्यासंगं.”

“रविवारी येतो,” बसवराज म्हणाला. “एकतर न्यायला, न्हायतर च्या प्यायला.”

स्मरणिका सोमवारी सकाळी दहाला द्यायची होती. झाली तर सून माझ्याकडं, नाही झाली तर चंदगडला. मला काय वाटत होतं ते सांगून टाकते – ती राहावी. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. माझे गुडघे गेलेत, आणि घरात दुसऱ्याच्या वावरण्याचा आवाज लागतो. नसला की भिंती खायला उठतात.

शुक्रवारी सकाळी डब्यातून टक्-टक् आवाज यायला लागला. दुपारी तो थांबला आणि कॉम्प्युटरही थांबला. शैला पांढरी पडली. डब्यात ज्या पेटीत सगळं लिहिलेलं राहतं ना, हार्ड ड्राइव्ह म्हणतात तिला, ती मेली होती. छत्तीस पानं तिच्यात होती. कागदावर काढलेली प्रुफं तेवढी हातात राहिली.

शाहूपुरीतच इलियासचं दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीचा, भला माणूस. महेशला हा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. तो नवा ड्राइव्ह घेऊन आला.

“काळजी करू नगा, मावशी. अर्ध्या तासाचं काम. टायपिंग तेवढं परत करायला लागंल.”

अर्ध्या तासाचे तीन तास झाले. कॉम्प्युटर चालू केला की आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. आत काय काय जोडलंय त्याची ती यादी. मला इंग्रजी येत नाही, पण बघून बघून मलाही समजलं – लांबलचक ओळ आली तर ड्राइव्ह सापडला, चार अक्षरं आली तर नाही. दर वेळी चारच अक्षरं. इलियासनं वायरची पट्टी बदलली. ड्राइव्हच्या मागची बारकी टोपी काढून दुसरीकडं लावली. लाइटची वायर बदलली. चार अक्षरं.

“दुकानात लावून बघतो,” म्हणून तो ड्राइव्ह घेऊन गेला. तिथं पहिल्या झटक्यात सापडला. परत आणून आमच्यात लावला – चार अक्षरं. शनिवारी सकाळी दुसरा नवा कोरा आणला. तीच गत. तो दुकानात चालतो, आमच्या डब्याला मात्र दिसत नाही.

“तुमच्या कॉम्प्युटरला कुणी शिकवलंय काय, पावण्याला वळख द्यायची न्हाय म्हणून?” इलियास म्हणाला. पण हसला नाही. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. “मदरबोर्ड गेला असणार. पुण्यासनं मागवतो. मंगळवार उजाडंल.”

“मंगळवारी काय करू त्याचं?” शैला म्हणाली आणि आत जाऊन बसली. पेटी ओढल्याचा आवाज आला. साड्या भरायला लागली होती. बारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं बसवराज येणार.

आता माझ्या डोक्यात जे आलं ते कुठून आलं विचारू नका. मुरगूडला माझं माहेर. घरात म्हशी. मी आठेक वर्षांची असताना आमच्या चंद्री म्हशीचं रेडकू तिसऱ्या दिवशी मेलं. म्हैस पान्हा सोडेना. दुसरीचं रेडकू पुढं केलं, तर तिनं ते लाथेनं उडवलं. मग बाबांनी मेलेल्या रेडकाचं कातडं काढलं, त्यात पेंढा भरला, सुतळीनं शिवलं आणि तिच्या तोंडापुढं ठेवलं. ती ते चाटायला लागली आणि खाली धार सुरू झाली. गावोगाव हे करतात, त्यात नवल नाही.

मी इलियासला म्हटलं, “नवा जोडलाईस तसाच ऱ्हाऊ दे. जुना बी तितंच ठेव, त्याच्या वर.”

“मावशी, तो मेलाय.”

“मेलाय म्हणूनच ठेव.”

“वायर न्हाय, काय न्हाय... नुसता ठेवून काय हुतंय?”

“तुज्या वायरींनं काय झालं? सर बाजूला.”

मीच खाली बसले. जुना ड्राइव्ह टेबलावर पडला होता, विटेच्या तुकड्याएवढा, गार. तो त्याच्या जुन्या जागी सरकवला. एकही वायर लावली नाही. बटण दाबलं.

लांबलचक ओळ आली.

इलियास उठून उभा राहिला. शैला हातात साडी घेऊन दारात आली. इलियासनं बंद केलं, जुना काढला, चालू केलं – चार अक्षरं. जुना ठेवला – लांब ओळ. असं चार वेळा. मग तो हट्टाला पेटला. म्हणाला, वजनानं आतलं काहीतरी दाबलं जात असणार. त्यानं तेवढ्याच वजनाचा दगड फडक्यात गुंडाळून ठेवला – चार अक्षरं. दुकानात पळत जाऊन दुसरा एक मेलेला ड्राइव्ह आणला, दिसायला अगदी तसाच – चार अक्षरं. आमचाच पाहिजे होता.

तो घाबरला होता. मीही, खोटं कशाला बोलू. फॅन चालू असून मानेवर घाम उतरत होता.

“भाभी, तुमी कामाला लागा,” तो शैलाला म्हणाला. “मी सगळं भरून देतो. आन् त्याला हात लावू नगा.” टायपिंगचे प्रोग्रॅम आत भरून दिले आणि चहा न घेता गेला. आमच्याकडचा चहा त्यानं पहिल्यांदाच सोडला.

शैला टायपिंगला बसली. मी जवळच खुर्ची टाकून बसले आणि त्या उघड्या डब्याकडं बघत राहिले. मेलेला वर, जिता खाली. जरा कुरकुर झाली की माझा जीव वरखाली. रस्त्यानं ट्रक गेला तरी वाटायचं, हलला तो. मी झाडू मारला नाही, दार आपटू दिलं नाही. ज्या बाईनं अंगातलं पाणी मारून उतरवलं, ती एका लोखंडी तुकड्याला जपत बसली होती.

रविवारी बसवराज आला. शैलाची बोटं चालूच. अठ्ठावीस पानं झाली होती.

“मग?” तो म्हणाला. “मास्तरास्नी काय सांगू?”

शैलानं आधी दारामागं बघितलं. मगच बोलली, “न्हाय येत, अण्णा. सांग त्यास्नी.”

मी जिंकले होते. पण तिनं कशाकडं बघितलं ते मला दिसलं. दारामागच्या खुंटीवर महेशचा शर्ट होता, निळ्या रेघांचा. दीड वर्ष दर सोमवारी मी तो धुऊन, इस्त्री करून परत तिथंच लावत होते. शेजारणी म्हणायच्या, आईची माया! माया कसली... ती रोज त्या खोलीत बसते, तिला तो रोज दिसावा म्हणून लावत होते. दिसला की ती जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. कुणाला बोलले नव्हते, एवढंच.

आणि मला चंद्रीचं पुढचं आठवलं. त्या पेंढ्याच्या रेडकाला तिनं इतकं चाटलं की कातड्यावरचे केस गेले. एक दिवस शिवण उसवली आणि पेंढा बाहेर आला. चंद्रीनं तो पेंढा खाल्ला. खाता खाता चाटत होती आणि दूधही देत होती. आम्ही पोरं हसलो होतो. त्या रविवारी ते आठवून मला चहा जाईना.

बसवराज गेला. सोमवारी दहाला चाळीस पानं छापखान्यात पोचली. काम कायमचं ठरलं. मला पाहिजे होतं तसं सगळं झालं.

त्याच आठवड्यात बोहारीण आली, तेव्हा मी खुंटीवरचा शर्ट काढून तिला दिला. एक गाळणं आलं. शैला बाहेरनं आली, रिकामी खुंटी बघून थांबली.

“आत्ती... शर्ट?”

“दिला बोहारणीला.”

“का वो?”

“लई दिवस चाटलंस. बास आता.”

ती शेतकऱ्याच्या घरची. जास्त सांगावं लागलं नाही. आधी रडली, मग माझ्यावर चिडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच बसवराजला पत्र टाकलं, मास्तरांना होकार कळव म्हणून.

महिन्याभरानं ती निघाली. कॉम्प्युटर तिच्याबरोबर द्यायचा होता, म्हणून बांधायच्या आधी इलियासला बोलावलं. मी म्हटलं, “जुना काढून एकदा लावून बघ.”

“नगं, मावशी. बंद पडंल.”

“पडू दे. मेलेलं तिच्या गळ्यात बांधून धाडणार न्हाय मी.”

जुना ड्राइव्ह मीच काढला. इलियासनं डोळे मिटूनच बटण दाबलं. शैलानं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती.

लांबलचक ओळ आली.

बंद करून परत लावलं. परत आली. दहा वेळा लावलं, दहाही वेळा आली. त्या शनिवारी जो मेलेल्याशिवाय दिसत नव्हता, तो त्या दिवसापासून चंदगडच्या पावसातसुद्धा एकदाही अडलेला नाही. शैला अजून त्याच्यावरच काम करते. तिला मुलगी झालीय. दिवाळीला येतात, मास्तर मला आत्तीच म्हणतात.

इलियासनं पुष्कळ जणांना विचारलं. कुणी म्हणतं अर्थिंग, कुणी म्हणतं उष्णता, कुणी म्हणतं आतली वायर ढिली असणार. मग तसाच दुसरा मेलेला ठेवल्यावर का नाही चाललं? मला भूत म्हणायचं नाही, देव म्हणायचं नाही, माझा पोरगा तर मुळीच म्हणायचं नाही. तो गेलेला आहे.

मेलेला ड्राइव्ह माझ्याकडंच राहिला. खिडकी वाऱ्यानं आपटते, तिच्या फटीत लावायला बरा पडतो. येता-जाता दिसतो, तेव्हा एकच विचार येतो. म्हशीचं कळतं, तिला वास येतो. त्या डब्याला नाक कुठं होतं?